सेलकॉल वाजत नाही? आधी अक्षरं जुळव, आवाज नंतर बघ

प्रश्न थोडक्यात असा. लातूरचा एक विद्यार्थी व्हॅटसिमवर, म्हणजे सिम्युलेटरचे वैमानिक आणि कंट्रोलर यांना इंटरनेटवर जोडणाऱ्या नेटवर्कवर, मुंबईहून मॉरिशसला ए-३३० विमान नेत होता. समुद्रावर गेल्यावर मुंबई रेडिओच्या, म्हणजे समुद्रावरच्या विमानांशी बोलणाऱ्या केंद्राच्या, कंट्रोलरनं सेलकॉल (ठरावीक विमानातच घंटी वाजवून वैमानिकाला हाक मारायची सोय) चालतो का हे बघायला तीनदा चेक पाठवला, आणि तिन्ही वेळा कॉकपिटमध्ये काहीच वाजलं नाही. कंट्रोलरचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. मुलानं साउंड ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, मित्राचा हेडसेट आणून लावला, आणि आता सिम्युलेटरच नव्यानं बसवायच्या बेतात आहे. सेलकॉलचा कोड त्यानं गावाच्या प्रेमापोटी स्वतःच ठरवलाय : एल-टी-यू-आर. ‘सर, नेमकं काय चुकतंय?’ असं तो विचारतो.

सिम्युलेटर काढू नकोस. दीडशे-दोनशे जीबी पुन्हा उतरवायला लातूरच्या नेटवर तुझे दोन दिवस जातील आणि सेलकॉल तरीही वाजणार नाही. तू साप समजून भुई धोपटतोयस. साउंड ड्रायव्हरचा या दुखण्याशी बहुधा संबंध नाही, कारण ऑनलाइन सिम्युलेशनमध्ये सेलकॉल हा मुळात आवाज म्हणून येतच नाही. तो अक्षरं म्हणून येतो. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीची तपासणी पंधरा मिनिटांची आहे. मी गेली बारा-तेरा वर्षं ऑनलाइन उडतो, आणि त्यातली बरीच वर्षं समुद्रावरच्या रेडिओच्या खुर्चीतही बसलोय. माझ्याकडून चेक पाठवला आणि समोर वाजला नाही, असे वैमानिक मी दर मोठ्या कार्यक्रमाला बघतो. त्यांतल्या बहुतेकांच्या कानात काही बिघाड नसतो, चार अक्षरांचा ताळमेळ नसतो.

आधी खऱ्या विमानात काय होतं ते बघ. समुद्रावर जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही, म्हणून लांब पल्ल्याचा एचएफ वापरतात. एचएफ म्हणजे खरखर. पावसाळ्यात वीज चमकली की परभणी आकाशवाणीच्या मध्यम लहरीवर जो कडकडाट येतो तो आठव, आणि तो सहा-सात तास कानाला लावून बसायचंय अशी कल्पना कर. त्या गोंगाटात आपलंच नाव कधी पुकारलं जाईल म्हणून सतत कान टवकारून बसणं माणसाला झेपत नाही. म्हणून १९५७ पासून ही सोय आली. प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा कोड, प्रत्येक अक्षर म्हणजे ठरलेला एक सूर. जमिनीवरचा ऑपरेटर आधी पहिल्या दोन अक्षरांचे सूर एकत्र साधारण एक सेकंद वाजवतो, मग सेकंदाचा पाचवा हिस्सा शांतता, मग पुढच्या दोन अक्षरांचे सूर एकत्र एक सेकंद. विमानातला डीकोडर हेच ऐकत बसलेला असतो. आपली जोडी ओळखली की दिवा लागतो, घंटी वाजते, आणि वैमानिक आवाज वाढवून उत्तर देतो.

सूर कसे निवडलेत तेही बघण्यासारखं आहे. ‘ए’ म्हणजे ३१२.६ हर्ट्झ, ‘बी’ ३४६.७, ‘सी’ ३८४.६, असं चढत ‘एस’ १४७९.१ पर्यंत. प्रत्येक सूर मागच्यापेक्षा साधारण ११ टक्क्यांनी वर. पेटीवर सा वाजवून शुद्ध रे वाजवलास तर अंतर साडेबारा टक्क्यांच्या आसपास असतं, हे त्याहून किंचित कमी. त्यामुळे एका सुराची दुप्पट केली तरी ती दुसऱ्या कुठल्याही सुरावर तंतोतंत पडत नाही. ‘ए’ची दुप्पट ६२५.२, आणि आपल्याकडे सूर आहेत ५८२.१ चा ‘जी’ आणि ६४५.७ चा ‘एच’. दोघांच्या मध्ये पडली. सुरांचा असा हिशोब मला फार आवडतो, भजनी मंडळात पेटी धरणाऱ्याला तो लगेच कळतो.

आता तुझ्या संगणकावर. तिथे कोणी सूर पाठवत नाही आणि कोणी सूर ओळखत नाही. कंट्रोलर त्याच्या सॉफ्टवेअरमधून तुझा कोड पाठवतो. तो त्या फ्रिक्वेन्सीवरचा एक लिखित संदेश म्हणून नेटवर्कवरून निघतो. तुझा क्लायंट, म्हणजे सिम्युलेटरला व्हॅटसिमशी जोडणारा प्रोग्राम, व्हीपायलट, एक्सपायलट किंवा जो काही तू वापरतोस तो, आलेली चार अक्षरं आणि कनेक्ट होताना तू त्याच्या रकान्यात भरलेली चार अक्षरं शेजारी ठेवून बघतो. जुळली तर स्वतःकडची घंटीची फाइल वाजवतो. जुळली नाहीत तर काहीच करत नाही. म्हणून कंट्रोलरचा आवाज स्वच्छ येणं आणि सेलकॉल येणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॅटसिमवर नवी आवाज-यंत्रणा आली, तेव्हापासून बोलणं तिच्या सर्व्हरवरून जातं. फ्लाइट प्लॅन, मजकूर, विमानाची जागा हे सगळं दुसऱ्या सर्व्हरवरून. एक वाट मोकळी आहे म्हणून दुसरीही मोकळी असेल असं धरून चालू नकोस.

घोडं कुठं पेंड खातंय हे शोधायला पहिला प्रश्न एकच : कंट्रोलरनं चेक पाठवला त्या क्षणी क्लायंटच्या मेसेजच्या खिडकीत सेलकॉल आल्याची ओळ उमटली का? ओळ उमटली आणि घंटी ऐकू आली नाही, तर बिघाड आवाजाच्या बाजूला आहे. ओळच उमटली नाही, तर ड्रायव्हर, हेडसेट, सिम्युलेटर कशालाही हात लावू नकोस. कोड किंवा फ्रिक्वेन्सी चुकलेली आहे. तुझ्या लिहिण्यात या ओळीचा उल्लेखच नाही. मला वाटतं तू तेव्हा कॉकपिटमध्येच बघत होतास, त्या खिडकीकडे नजर गेली नाही.

तुझ्या बाबतीत कोडचंच बघू, कारण एल-टी-यू-आर हा कोड चालणारच नाही. सोळा सुरांच्या पद्धतीत फक्त ए ते एच, जे ते एम आणि पी, क्यू, आर, एस एवढीच अक्षरं आहेत. आय, एन, ओ मुद्दाम वगळलेली, आणि ‘एस’च्या पुढे काही नाही. सुरुवातीला सूर बाराच होते, १९८५ मध्ये पी, क्यू, आर, एस हे चार वाढवले. ‘टी’ आणि ‘यू’ त्या सोळांत नाहीत. २०२२ मध्ये बत्तीस सुरांची पद्धत आली. तिच्यात ‘टी’पासून ‘झेड’पर्यंतची अक्षरं आणि १ ते ९ आकडे आले. त्या हिशोबानंही तुझी दुसरी जोडी चूक आहे, कारण जोडीत आधीचं अक्षर आधी यावं लागतं. ‘यू-आर’ नाही, ‘आर-यू’. शिवाय चारही अक्षरं वेगळी हवीत, एकही दोनदा नको.

क्रमाच्या या नियमाला कारण आहे, आणि ते कळलं की नियम विसरत नाही. जोडीतले दोन्ही सूर एकाच वेळी वाजतात. मग ‘आर-यू’ वाजवलं काय आणि ‘यू-आर’ वाजवलं काय, हवेत एकच आवाज. म्हणून लिहायची एकच रीत ठरवली. पण तुझ्या संगणकाला हे सूर ऐकूच येत नाहीत, त्याच्यासाठी ती नुसती अक्षरांची रांग आहे. हवेत जे एकच आहे ते नेटवर्कवर दोन वेगळ्या गोष्टी होतात. कंट्रोलरनं शहाणपणानं तुझी जोडी सरळ करून पाठवली आणि तुझ्या रकान्यात ती उलटी असली, की झालं, काहीच वाजणार नाही. माझ्या अनुभवात उलट्या जोडीचा हा घोळ सगळ्यात जास्त वेळा सापडतो, आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण वाचताना माणसाला चारही अक्षरं बरोबरच दिसतात.

गावाचं नाव ठेवायचंच असेल तर लातूरमधली एल, ए, आर ही तीन अक्षरं सोळांत बसतात. ए-एल, पी-आर असा कोड घे. दोन्ही जोड्या चढत्या, एकही अक्षर दोनदा नाही. एखादं खरं विमान, त्याच्या शेपटीवरच्या नोंदणीसह उडवणार असशील आणि त्याचा खरा कोड तुला माहीत असेल, तर मात्र तोच घाल. खऱ्या जगात हे कोड एकच संस्था वाटते आणि ते त्या विमानाला चिकटलेले असतात, वैमानिकाला नाही. बत्तीस सुरांचे कोड, विशेषतः आकडे असलेले, सध्या घेऊ नकोस. तुझा क्लायंट आणि समोरच्याचं सॉफ्टवेअर दोन्ही त्यांना ओळखतात याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

कोड बरोबर झाला की तो दोन ठिकाणी एकसारखा हवा. एक फ्लाइट प्लॅनमध्ये, दुसरा क्लायंटच्या कनेक्टच्या खिडकीत. कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) आणि विमानाचा प्रकार भरतो तिथेच सेलकॉलचा रकाना असतो. फ्लाइट प्लॅनमधला कोड कंट्रोलरसाठी, तो तिथून वाचून पाठवतो. खिडकीतला कोड तुझ्या क्लायंटसाठी, तो आलेल्या संदेशाशी ताडून बघतो. फ्लाइट प्लॅनमध्ये भरला म्हणून क्लायंटला आपोआप कळतं असं समजून पुष्कळ जण तो रकाना रिकामा ठेवतात. मग ताडायला तिकडे काहीच नसतं.

फ्लाइट प्लॅनमध्ये तो अठराव्या रकान्यात, ‘एसईएल’ आणि तिरकी रेघ, त्याला चिकटून चार अक्षरं, मध्ये जोडरेघ नाही, जागा नाही. काही जण तिथे पूर्ण ‘सेलकॉल’ शब्द लिहितात, काही जण शेरा देणाऱ्या ‘आरएमके’च्या पुढे तो घुसवतात. शेऱ्याच्या पुढचं सगळं शेराच धरलं जातं, म्हणून कोड त्याच्या आधी हवा. दहाव्या रकान्यात एचएफसाठीचा ‘एच’ही असू दे. समुद्रावर निघालास आणि प्लॅनमध्ये एचएफच नाही, तर कंट्रोलर आधी त्यावरच अडेल. सिमब्रीफ या फ्लाइट प्लॅन बनवणाऱ्या वेबसाइटवरून प्लॅन काढत असशील तर तिथं जतन केलेल्या विमानाच्या माहितीत सेलकॉलचा रकाना एकदा भरून ठेव. पण नोंदणी बदललीस तर कोडही बदललाय का, ते बघ. नोंदणी बदलून कोड तोच ठेवणं ही चूक मी स्वतः केलेली आहे.

क्लायंटच्या खिडकीचं दुसरं दुखणं म्हणजे ती मागच्या वेळचं लक्षात ठेवते. काल ७७७ नेलंस, आज ए-३३०. कॉलसाइन बदललास, प्रकार बदललास, सेलकॉलच्या रकान्यात मात्र कालचीच अक्षरं. मला याचा फटका जून महिन्यात बसला होता. पहिल्या पावसाची रात्र, पत्र्यावर सर कोसळत होती आणि अर्ध्या अटलांटिकवर असताना घरची वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक टिकला, राउटर इन्व्हर्टरवर नव्हताच. चार मिनिटांनी वीज आली, मी घाईघाईत पुन्हा जोडला गेलो आणि कोडकडे न बघता बटण दाबलं. घाईत आदल्या आठवड्यातल्या उड्डाणाची माहिती निवडली गेली होती. कॉलसाइन मी दुरुस्त केला, कोड राहिला. पुढचे अडीच तास कंट्रोलर मला सेलकॉल करत होता आणि मी खालच्या थराची, म्हणजे उडायच्या खालच्या उंचीची, वाट बघत शांत बसलो होतो. शेवटी त्यानं खाजगी संदेश पाठवला तेव्हा समजलं की माझ्या मागून येणाऱ्या दोन विमानांना माझ्यामुळे थर मिळत नव्हता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून राउटरला छोटा यूपीएस लावलाय, आणि कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं की नवा सेलकॉल चेक मागितल्याशिवाय मी हेडसेट उतरवत नाही. मराठवाड्यात विजेचा भरवसा ठेवून समुद्र ओलांडता येत नाही, हे ध्यानात धर.

आता फ्रिक्वेन्सी. सेलकॉलचा संदेश फ्रिक्वेन्सीवर येतो, म्हणजे ती फ्रिक्वेन्सी तुझ्या कॉम-१ किंवा कॉम-२ या रेडिओवर लावलेली हवी आणि त्या रेडिओचं ऐकणं सुरू हवं. एअरबसच्या ऑडिओ पॅनेलवर हे फार फसवतं. फ्रिक्वेन्सी व्हीएचएफ-२ वर ठेवलेली असते, पण त्याची ऐकण्याची गोल खुंटी दाबलेलीच राहते, बाहेर आलेली नसते, उजळलेली नसते. अशा वेळी तुला कंट्रोलरचा आवाज येणार नाही आणि सेलकॉलही नाही. तुझ्या बाबतीत आवाज येत होता, म्हणजे हे कारण नाही. पण मॉरिशसच्या पुढच्या खेपेला कॉम-१ युनिकॉमवर, म्हणजे कंट्रोलर नसतो तेव्हाच्या १२२.८०० या सामाईक फ्रिक्वेन्सीवर टाकून रेडिओ कॉम-२ वर सरकवशील तेव्हा याच खुंटीपाशी अडकशील.

आणखी एक बारकावा. बहुतेक सिम्युलेटरच्या विमानांत एचएफचा रेडिओ दाखवण्यापुरता असतो. म्हणून कंट्रोलर एचएफ फ्रिक्वेन्सीच्या जोडीला एक व्हीएचएफ फ्रिक्वेन्सी देतो, तीच तू लावायची. त्यानं तोंडानं ‘८८७९’ म्हटलं तरी कॉकपिटमधल्या एचएफच्या खिडकीत ८८७९ फिरवून तिकडे काही ऐकू येईल या आशेवर राहू नकोस. कंट्रोलरच्या माहितीत दिलेला व्हीएचएफ आकडा घे. एचएफची खरखर सहन होत नसेल तर व्हीपायलट आणि एक्सपायलटमध्ये एचएफ स्क्वेल्च सुरू करता येतो. खरखर कमी होईल, सेलकॉलवर त्याचा चांगला-वाईट काहीही परिणाम होत नाही.

समज, मेसेजच्या खिडकीत ओळ आली आणि तरी घंटी नाही. आता आवाजाकडे वळ, पण तरीही सिम्युलेटरकडे नको. क्लायंट हा वेगळा प्रोग्राम आहे. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्याची पट्टी वेगळी दिसते आणि कधीकाळी कोणीतरी ती शून्यावर नेलेली असते. ती आधी बघ. मग बघ की घंटी कुठल्या उपकरणातून बाहेर पडते. कंट्रोलरचं बोलणं तू हेडसेटवर लावलेलं असतं, आणि सूचनांचे आवाज विंडोजच्या ठरलेल्या स्पीकरवर जातात. ते स्पीकर म्हणजे अनेकदा मॉनिटरमधले छोटे स्पीकर, ज्यांचा आवाज कोणी कधी वाढवलेलाच नसतो. टेबलाखाली डोकं घालून ऐक, पुष्कळदा घंटी तिथे वाजत असते.

ब्लूटूथ हेडसेटवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. तू मित्राचा हेडसेट आणलास म्हणतोस, तो ब्लूटूथ असेल तर हे वाच. विंडोज १० मध्ये असा हेडसेट दोन नावांनी दिसतो : एक गाणी ऐकायचं स्टिरिओ, एक फोनवर बोलायचं हँड्सफ्री. क्लायंटनं माइक उघडला की हेडसेट हँड्सफ्रीच्या बाजूला जातो आणि त्याच वेळी स्टिरिओची बाजू गप्प होते. बोलणं हँड्सफ्रीवर लावलंयस आणि घंटी स्टिरिओवर जातेय, तर घंटी हवेतच विरते. दोन्ही एकाच नावावर लाव, किंवा सरळ तीनशे-चारशे रुपयांचा वायरचा हेडसेट घे. मी तोच वापरतो.

कॉकपिटमधला सेलकॉलचा दिवा लागला नाही म्हणून घाबरू नकोस. खऱ्या ए-३३० मध्ये पॅनेलवर ‘कॉल’ उजळतो, पण तुझ्या सिम्युलेटरमधल्या विमानाला आणि तुझ्या क्लायंटला बहुतेक वेळा एकमेकांची ओळखच नसते. घंटी क्लायंटची, दिवा विमानाचा. याच्या उलटही होतं. होपी नावाच्या नेटवर्कवरून डेटालिंकचा, म्हणजे कॉकपिटच्या पडद्यावर येणारा लिखित, संदेश आला की विमान स्वतःची घंटी वाजवतं, आणि मुलं मला आनंदानं ‘सर, सेलकॉल वाजला’ म्हणून कळवतात. तो डेटालिंक होता. डेटालिंक चालू असला तरी सेलकॉल चेक करून ठेवायचाच, खऱ्या समुद्रावरही तसंच करतात, कारण डेटालिंक तुटला की तुझ्यापर्यंत पोचायला तीच एक वाट उरते.

दुसऱ्याचा सेलकॉल तुझ्याकडे वाजण्याचीही तयारी ठेव. सोळा सुरांत कायदेशीर कोड फक्त १०,९२० होतात, आणि जगात विमानं त्याहून जास्त आहेत. म्हणून खऱ्या विमानांतही एक कोड दोघांना असतो. सिम्युलेशनमध्ये तर लोकप्रिय विमानांच्या तयार फाइलमधला कोड शेकडो जण तसाच वापरतात. घंटी वाजली की कॉलसाइन सांगून उत्तर दे : ‘मुंबई रेडिओ, अमुक, आन्सरिंग सेलकॉल.’ त्यानं तुला हाक मारलीच नव्हती असं निघालं, तर ‘रॉजर’ म्हणून शांत हो. त्यात अपमान नाही, पण उत्तर द्यायचं टाळणं मात्र चुकीचं. ए-एल, पी-आर तू स्वतः घेतलास तर हा प्रसंग तुझ्यावर क्वचितच येईल.

चेक कधी मागायचा? समुद्रावरच्या रेडिओशी पहिलाच संपर्क झाला की लगेच, किनारा अजून पाठीमागे असताना. शब्द साधे ठेव : ‘मुंबई रेडिओ’, मग तुझा कॉलसाइन, मग ‘रिक्वेस्ट सेलकॉल चेक, अल्फा लिमा, पापा रोमिओ.’ अक्षरं सुटी ‘ए, एल, पी, आर’ अशी म्हणू नकोस. खरखरीत बी, डी, ई आणि पी एकसारखेच कानावर पडतात, कंट्रोलर भलतंच लिहून घेतो आणि मग प्लॅनमधलं बरोबर असूनही चूक जातं. घंटी वाजली की ‘सेलकॉल चेक ओके’ म्हण. नाही वाजली तर तेही सरळ सांग, आणि फ्रिक्वेन्सीवर कान ठेवून बस. खऱ्या विमानातही चेक फसला की हीच पद्धत : सेलकॉल नाही, तर ऐकत बसायचं. त्या वेळी कंट्रोलरला पुन्हा पुन्हा पाठवायला लावू नकोस. मी खुर्चीत असतो तेव्हा एका वैमानिकाला दोनदा पाठवतो. तिसऱ्यांदा पाठवण्यापेक्षा त्याला लिखित संदेशात विचारतो, ‘तुमच्या कनेक्टच्या खिडकीत कोड काय आहे?’ आणि उत्तर आलं की दहातल्या बऱ्याच वेळा तिथेच प्रश्न मिटतो.

चेक झाला म्हणजे झोपायला जायची परवानगी मिळाली, असंही समजू नकोस. व्हॅटसिमच्या आचारसंहितेप्रमाणे अर्ध्या तासाहून जास्त वेळ विमान सोडून जाता येत नाही, सेलकॉल वाजत असला तरी. जेवायला जायचं असेल तर मुलाबाळांचा, आईचा हाकेचा आवाज येईल अशा अंतरावर आवाज वाढवून ठेव, आणि ताट टेबलावरच घेऊन ये.

अटलांटिक ओलांडण्याच्या ‘क्रॉस द पाँड’ कार्यक्रमासारख्या मोठ्या रात्री हे पहिल्यांदा करून बघू नकोस. त्या वेळी एका कंट्रोलरच्या फ्रिक्वेन्सीवर शेकडो विमानं असतात आणि तुझ्या रकान्यातली अक्षरं तपासायला कोणालाच वेळ नसतो. अशी तपासणी शांत रात्री, ज्याच्याकडे दोन-तीनच विमानं आहेत अशा कंट्रोलरकडे करावी. आधी विचारून घे, मी तरी कधी नाही म्हटलेलं नाही, आणि माझ्या ओळखीचे बाकीचेही आनंदानं करतात.

आता तुझ्यासाठी क्रम. एल-टी-यू-आर सगळीकडून पुस. प्लॅनमध्ये ‘एसईएल’च्या पुढे ए-एल-पी-आर, जोडरेघेशिवाय. कनेक्टच्या खिडकीत तोच कोड, क्लायंट जसा मागतो त्या पद्धतीनं, आणि भरल्यावर दोन्ही ठिकाणची अक्षरं मोठ्यानं वाचून काढ. डोळ्यांपेक्षा तोंड लवकर चूक पकडतं. मेसेजची खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर उघडी ठेव, दुसरा मॉनिटर नसेल तर मोबाइलचा कॅमेरा लावून ती रेकॉर्ड कर, म्हणजे ओळ आली की नाही हे नंतर बघता येईल.

रविवारी रात्री नऊनंतर मी मुंबई रेडिओवर बसणार आहे. मॉरिशसला जाऊ नकोस, मुंबईहून उठून किनारा सुटेपर्यंत ये, चेक माग, आणि ओळ आली की नाही एवढंच मला सांग. ओळ आली आणि घंटी नाही वाजली, तर तुझ्या मिक्सरचा एक फोटो पाठव. ओळच आली नाही, तर मी माझ्या बाजूनं नेमकं काय पाठवलं ते तुला जसंच्या तसं लिहून देतो, आणि दोघं मिळून एकेक अक्षर ताडून बघू.